हृदयाला छिद्र : ‘वजन वाढल्यावर पाहू’ हा निर्णय नेहमीच योग्य नसतो

बाळाच्या हृदयात जन्मजात दोष असल्याचे निदान झाले की शस्त्रक्रिया करावी की नाही, असा प्रश्न कुटुंबापुढे उभा राहतो. पुष्कळदा खरा निर्णय घ्यावयाचा असतो तो शस्त्रक्रिया केव्हा करावी याचा. दर हजार जन्मांमागे सुमारे आठ ते नऊ बालकांमध्ये असा दोष आढळतो. त्या सर्वांनाच शस्त्रक्रिया लागते असे नाही.

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्यातले लहान छिद्र अनेकदा आपोआप बुजते. अशा बाळाची ठराविक काळाने इको तपासणी करीत राहणे पुरेसे ठरते. छिद्र मोठे असल्यास मात्र शुद्ध रक्ताचा बराच भाग शरीराकडे न जाता पुन्हा फुप्फुसांकडे वळतो. दूध पिताना बाळाला धाप लागते, कपाळावर घाम येतो, वारंवार न्यूमोनिया होतो आणि वजन वाढत नाही.

नेमकी येथेच गफलत होते. दहा किलो वजन झाल्यावर पाहू, असे घरातील वडीलधारी मंडळी ठरवितात. परंतु वजन न वाढण्याचे कारणच ते छिद्र असल्याने ही प्रतीक्षा व्यर्थ जाते. दरम्यान फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होत जातात व तेथील दाब वाढतो. या काळात बाळाची धाप कमी होऊन ते बरे झाल्यासारखे दिसू शकते. ही सुधारणा फसवी असते. पुढे असा टप्पा येतो, की छिद्र बंद करणेच जिवावर बेतू शकते.

भारतीय तज्ज्ञांनी २०१८ मध्ये सुधारित केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, औषधांनी लक्षणे आटोक्यात असली तरी असे मोठे छिद्र सहा महिन्यांच्या वयापर्यंत बंद करावे. ती आटोक्यात नसल्यास त्याहूनही लवकर. वरच्या कप्प्यांमधील छिद्रासाठी, त्रास नसल्यास, दोन ते चार वर्षांपर्यंत थांबता येते. याउलट, हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेल्या निळसर बाळाच्या बाबतीत अवधी अवघ्या काही आठवड्यांचा असतो.

म्हणूनच दोषाचे नाव, छिद्राचा आकार, फुप्फुसांतील दाब आणि थांबल्यास होणारे परिणाम या गोष्टी पालकांनी बालहृदयरोगतज्ज्ञांना स्पष्टपणे विचाराव्यात. शंका असल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यात संकोच नसावा. गरोदरपणात आईचे काय चुकले, या चर्चेने मात्र काहीच साध्य होत नाही.

खर्चाच्या चिंतेनेही निर्णय लांबणीवर पडतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते व जन्मजात हृदयरोगावर शस्त्रक्रियेसह विनामूल्य उपचारांची सोय आहे. त्यासाठी अंगणवाडीतील तपासणी पथकाशी किंवा जिल्हा रुग्णालयाशी संपर्क साधावा आणि जाताना आधीचे सर्व इको अहवाल सोबत न्यावेत.