बंगळूरचा चढउतार आणि सायकल

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बंगळूरची हवा सायकलस्वाराला मानवणारी असली, तरी तेथील चढउतारांमुळे ब्रेकची रबरे लवकर झिजतात, आणि पावसात रिम, म्हणजे चाकाची धातूची कडा, ओली झाली की त्यांची पकड कमी होऊन सायकल थांबायला अधिक अंतर लागते. भिजलेली साखळी पुसून तिला तेल द्यावे, मात्र जादा तेल टिपून घ्यावे, कारण त्यावर धूळ बसते. २०२० मध्ये सिल्क बोर्ड चौकापासून बाह्य वर्तुळाकार मार्गावर सायकलींसाठी खांब रोवून स्वतंत्र पट्टा आखला गेला, पण त्यात इतर वाहने सर्रास घुसत राहिली. नुसते खांब रोवून रस्ता सुरक्षित होत नाही. अशा रस्त्यांवर मागचा लाल दिवा पावसात दिवसाही चालू ठेवावा.