चित्रे वाटता येतात, यमके नाहीत

अक्षरओळख होण्यापूर्वी मूल पुस्तक कानाने वाचत असते. मोठे माणूस ओळ म्हणते, मूल चित्र न्याहाळते आणि ओळीच्या शेवटी कोणता शब्द येणार याचा अंदाज बांधते. यमक जुळले की अंदाज खरा ठरतो आणि पुढचे पान उलटण्याची त्याला घाई होते. इंग्लंडमधील ब्रॅडली व ब्रायंट या संशोधकांनी १९८३ साली असे दाखवून दिले की, चार-पाच वर्षांच्या ज्या मुलांना शब्दांतील ध्वनिसाम्य चांगले ओळखता येते, ती पुढे वाचनातही सरस ठरतात. बालवाडीतील चित्रमय पद्यपुस्तक ही चैनीची वस्तू मानणे म्हणूनच चुकीचे होय.

तरीही अशी पुस्तके मराठी घरांत कमी दिसतात, याचे कारण अर्थशास्त्राच्या पहिल्या पाठातच सापडते. रंगीत चित्रपुस्तकावरील खर्चाचा मोठा भाग पहिली प्रत निघण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो. चित्रकाराचे मानधन आणि छपाईची पूर्वतयारी यांचा खर्च ५०० प्रती काढल्या काय किंवा ५,००० काढल्या काय, तेवढाच राहतो. प्रती थोड्या म्हणून किंमत अधिक, किंमत अधिक म्हणून ग्राहक थोडे, असे हे दुष्टचक्र आहे.

ते तोडण्याचा एक मार्ग म्हणजे चित्रे वाटून घेणे. १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टने 'नेहरू बाल पुस्तकालय' या मालेत एकच पुस्तक अनेक भारतीय भाषांत आणले. चाररंगी छपाईत मजकूर काळ्या रंगात असला, तर भाषा बदलताना तेवढाच एक छाप बदलावा लागतो. बाकीचे तीन तसेच चालतात. २०१५ साली 'प्रथम बुक्स'ने 'स्टोरीवीव्हर' हा संगणकीय मंच सुरू करून आणखी पुढचे पाऊल टाकले. तेथील चित्रे व मजकूर, मूळ कर्त्यांचा नामनिर्देश करून, कोणालाही विनामूल्य वापरता येतात व भाषांतरित करता येतात. एका मुलाने पुस्तक वाचल्याने दुसऱ्याच्या वाट्याचे काही कमी होत नाही. अशा वस्तूला कुंपण न घालणेच समाजाच्या हिताचे असते.

परंतु येथे एक अडचण उभी राहते. चित्राला भाषा नसते, यमकाला ती असते. डॉ. स्यूस यांचे १९५७ सालचे 'द कॅट इन द हॅट' हे पुस्तक अवघ्या २३६ वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेले आहे, आणि त्याच्या नावातच यमक आहे. मराठीतील 'मांजर' आणि 'टोपी' यांचा मात्र ध्वनीने काहीही संबंध नाही. अशा पुस्तकाचे भाषांतर होत नाही; त्या चित्रांवर नवी कविताच लिहावी लागते. नेमकी येथेच काटकसर केली जाते. मग चित्राखाली रुक्ष गद्य येते, किंवा यमकासाठी वाक्याची मोडतोड होते. मुलाचा कान असे पद्य स्वीकारत नाही.

मराठीत ही कविता लिहिण्याची ताकद नाही, असे कोणी म्हणणार नाही. जात्यावरच्या ओव्या आणि घरोघरची बडबडगीते आपल्याकडे आहेत. 'राणीची बाग' लिहिणारे विंदा करंदीकर आपल्याकडे होऊन गेले. उणीव आहे ती मोबदल्याची. पुस्तक विनामूल्य वाटायचे, तर कवीने कशावर जगावे, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, प्रतीमागे मिळणाऱ्या मानधनाची आशा जेथे नाही, तेथे लेखनाचे पूर्ण मोल आरंभीच आणि सार्वजनिक निधीतून दिले पाहिजे. रस्ता बांधणाऱ्याला आपण वाटसरूंकडून दमडी-दमडी गोळा करावयास सांगत नाही.

हा प्रश्न मराठीपुरताही नाही. मेळघाटातील अंगणवाडीत येणाऱ्या कोरकू मुलाला प्रमाण मराठीतील यमक परकेच वाटते. त्याच चित्रांखाली कोरकू पद्य यावयाचे, तर ते त्या मुलाच्या आजीला आणि गावातील शिक्षकाला जमेल, शहरातील अनुवादकाला नव्हे. त्यांच्याकडून ते लिहवून घ्यावे, त्याचे मोल द्यावे आणि मग ते सर्वांसाठी खुले करावे. चित्रे तयार आहेत. आता शब्दांसाठी खर्च करण्याची तयारी हवी.