टेस्टिंगच्या मशीनवर टेलिमेट्री बंद कशी करायची?

दुकानासाठी वेबसाइट किंवा ॲप बनवून घेताय? डेव्हलपर सांगतो, "कोड बदलला की टेस्ट आपोआप चालतात." छान. पण त्याला एक प्रश्न नक्की विचारा: "टेस्ट चालताना टूल्सची टेलिमेट्री बंद आहे ना?"

टेलिमेट्री म्हणजे काय?
कंपनीचा सेल्समन येतो, रॅकवर काय लावलंय ते टिपून घेतो आणि वर कळवतो. टूलही तसंच करतं. नेक्स्ट.जेएस कोणती कमांड चालली, कोणतं व्हर्जन आहे, बिल्डला किती वेळ लागला हे कळवतं. डॉटनेटच्या कमांड टूलमध्येही टेलिमेट्री आधीपासून चालू असते. ग्राहकांची नावं किंवा तुमचा कोड गोळा करणं हा तिचा हेतू नसतो, त्यामुळे घाबरू नका.

मग बंद का करायची?
1. मोठ्या गिऱ्हाइकाने "कामाची कोणतीही माहिती बाहेर जाणार नाही" असं लिहून घेतलं असेल, तर करारावर सही तुमची असते, डेव्हलपरची नाही.
2. टेस्टच्या मशीनला बाहेरचं इंटरनेट बंद असेल, तर हे निरोप अडकून टेस्ट रेंगाळू शकते.

खरी गोम इथे आहे
लॅपटॉपवर एकदा कमांड देऊन टेलिमेट्री बंद केली की ते सेटिंग त्याच लॅपटॉपवर राहतं. गिटहब ॲक्शन्सच्या होस्टेड मशीनवर मात्र प्रत्येक जॉबला नवीन कोरं मशीन मिळतं. कालचं सेटिंग आज नसतं! म्हणून सूचना मशीनवर नाही, वर्कफ्लो फाइलच्या 'एन्व्ह' भागात लिहायची:

- नेक्स्ट_टेलिमेट्री_डिसेबल्ड = 1
- डॉटनेट_सीएलआय_टेलिमेट्री_ऑप्टआउट = 1

(फाइलमध्ये ही नावं इंग्रजी कॅपिटल अक्षरांत.)

डॉकर वापरत असाल तर वर्कफ्लोमधली ओळ इमेजच्या बिल्डमध्ये आपोआप पोचत नाही. डॉकरफाइलमध्ये बिल्डच्या कमांडच्या आधी ती वेगळी लिहावी लागते. बहुतेक वेळा हेच राहून जातं.

'डू_नॉट_ट्रॅक = 1' अशी एक सामाईक सूचनाही आहे. काही टूल्स ती मानतात, सगळी नाही. म्हणून टूल्सची यादी करा आणि प्रत्येकाचं सेटिंग वेगळं बघा.

काय बाहेर जातं ते आधी बघायचंय? नेक्स्ट_टेलिमेट्री_डीबग = 1 दिलं की माहिती पाठवली जात नाही, फक्त स्क्रीनवर दिसते.

एक लक्षात ठेवा
हे टूल्सच्या टेलिमेट्रीबद्दल आहे. चालू वेबसाइटवर एरर कळवणारी तुमची स्वतःची सोय बंद करू नका; पेमेंट अडकलं तर तुम्हाला कळणार कसं? उलट, टेस्टमधल्या खोट्या ऑर्डरी तुमच्या विक्रीच्या आकड्यांत मिसळत नाहीत ना, हेही त्याच बैठकीत विचारून घ्या.

डेव्हलपरकडून "केलंय" एवढंच ऐकू नका. फाइल उघडून ती ओळ दाखवायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे.