डोंगरउतारावरील दरडी : कारणे, पूर्वचिन्हे व दक्षता

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण हे गाव डोंगराच्या कुशीत वसलेले होते. दिनांक ३० जुलै २०१४ रोजी सकाळी, पावसाची संततधार चालू असता, गावावरील डोंगराचा उतार सुटला आणि थोड्याच वेळात बहुतेक घरे चिखलाखाली गेली. या आपत्तीत १५१ माणसे मृत्युमुखी पडली. गाव नाहीसे झाल्याची वार्ता बाहेर गेली ती त्या मार्गाने आलेल्या एस. टी. चालकाकडून. यापूर्वी जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील जुई, दासगाव इत्यादी गावांवर, पुढे २०२१ मध्ये त्याच तालुक्यातील तळिये येथे व २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर असेच संकट कोसळले. या सर्व घटना जुलै महिन्यातील आहेत, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

दरड का सुटते?

सह्याद्री हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून तयार झालेला आहे. ऊनपावसाने वरचा खडक कुजून त्याचा मुरूम व माती होते. खाली कठीण कातळ तसाच राहतो. पावसाचे पाणी मातीतून झिरपत खाली जाते. पण कातळ त्याला सहज वाट देत नाही. परिणामी माती व कातळ यांच्या सांध्यावर पाणी साचू लागते.

उतारावरील माती जागेवर राहते ती कणांच्या परस्परांतील घर्षणामुळे व चिकटपणामुळे. कणांमधील पोकळ्या पाण्याने भरल्या म्हणजे ते पाणी कणांना एकमेकांपासून दूर रेटते आणि घर्षण कमी होते. कार्ल टेर्झागी या शास्त्रज्ञाने १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मृदेच्या या गुणधर्माचा पाया घातला. शेतकऱ्याला हे तत्त्व अनुभवाने ठाऊकच असते. उन्हाळ्यात कुदळीलाही दाद न देणारी खाचरातील माती चिखलणीनंतर माणसाचे वजनसुद्धा पेलत नाही. त्यात पाण्याच्या वजनाची भर पडते. १०० मिलिमीटर पाऊस एक एकर क्षेत्रावर पडला, तर ते पाणी सुमारे ४०० टन भरते. त्यातील जो भाग जमिनीत मुरतो, तेवढा भार डोंगराच्या अंगावर चढतो.

पाऊस आणि पूर्वसूचना

दरडी केवळ एका दिवसाच्या अतिवृष्टीने सुटतात असे नाही. नेल केन यांनी १९८० मध्ये अनेक देशांतील नोंदी एकत्र करून पावसाचा जोर व त्याचा कालावधी यांचा दरडींशी असलेला संबंध मांडला. थोडा वेळ पडणारा मुसळधार पाऊस जसा घातक, तसाच दीर्घकाळ टिकणारा मध्यम पाऊसही घातक ठरू शकतो. आधीच्या पावसाने जमीन भिजलेली असल्यास धोका अधिक वाढतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने देशातील दरडप्रवण भागांचे नकाशे तयार केले असून, जुलै २०२४ मध्ये कोलकाता येथे राष्ट्रीय पूर्वानुमान केंद्र सुरू झाले. तथापि अमुक उतार अमुक घटकेला सुटेल, असे निश्चित सांगणे अद्याप शक्य झालेले नाही. म्हणून स्थानिक निरीक्षणाचे मोल मोठे आहे.

शेतीची कामे आणि उतार

माळीणच्या घटनेनंतर उतारावर जमीन सपाट करण्याचा प्रश्न चर्चेत आला. खाचरे पाडणे हे मुळात वाईट नव्हे. नीट बांधलेल्या खाचरांनी मातीची धूप थांबते. मात्र तीव्र उताराचा पायथा तोडल्यास वरच्या मातीचा आधार जातो, आणि अडवलेल्या पाण्यास सांडवा नसल्यास ते जमिनीत मुरून सांध्यापर्यंत पोहोचते. यासाठी पुढील दक्षता घ्यावी :

(१) तीव्र उतारावर यंत्राने खोल खोदाई करण्यापूर्वी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.
(२) प्रत्येक खाचरास पक्का सांडवा ठेवावा. वरून येणारे पाणी चरातून वळवून नैसर्गिक नाल्यात सोडावे. वस्तीच्या माथ्यावर साठवू नये.
(३) पावसाळ्यापूर्वी चर व नाले साफ करावेत. उतारावरील भेगा चिकणमातीने बुजवाव्यात.
(४) उतारावरील झाडे तोडू नयेत. बांबू, वाळा यांसारख्या वनस्पतींची मुळे वरची माती धरून ठेवतात. मात्र मुळांच्या खाली खोलवर असलेला थर सरकू लागल्यास झाडांचा उपयोग होत नाही, हे विसरू नये.

पूर्वचिन्हे

उतारावर अर्धचंद्राकार भेगा पडणे, झाडे वा खांब कलणे, घराच्या भिंतींना नव्या चिरा जाणे, दारे अडकू लागणे, नवे झरे फुटणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, अथवा भर पावसात ओढ्याचे पाणी अचानक ओसरणे ही धोक्याची चिन्हे होत. यांपैकी एकही चिन्ह दिसल्यास ग्रामपंचायत, तलाठी व तहसील कार्यालय यांस त्वरित कळवावे; परंतु उत्तराची वाट पाहत घरात बसू नये. माणसांनी उताराच्या व नाल्याच्या वाटेतून बाजूला होऊन सुरक्षित जागी जावे. दावणीची जनावरे वेळीच मोकळी करावीत. मात्र दरड सुटू लागली असता सामानासाठी वा जनावरांसाठी मागे फिरू नये. रात्री पावसाचा जोर वाढण्याची सूचना असल्यास दिवसाउजेडीच स्थलांतर करणे श्रेयस्कर.

घर पुन्हा उभारता येते, खाचरही पुन्हा बांधता येते. गेलेले माणूस मात्र परत मिळत नाही.