मागे काय ओढतो, त्याची जबाबदारी

आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं. नीतिशास्त्र म्हटलं की श्रोत्यांना वाटतं, आता मोठमोठी नावं येणार. आज तसं करायचं नाही. आज उसाच्या ट्रॉलीचा विचार करू.

दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागांत एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या महामार्गावर येतात. आपल्यापैकी काहीजण त्या चालवतात, काहींचा ऊस त्यांत असतो, बाकीचे त्यांच्या मागून मोटारीने, दुचाकीने जातात. प्रश्न असा: जे आपल्या पाठीमागे आहे, धड दिसतही नाही, त्याला आपण किती जबाबदार?

आधी थोडं गणित. रात्री समोरून गाडी आली की आपण दिव्याचा झोत खाली घेतो. तेव्हा पुढचा रस्ता साधारण 40 मीटर दिसतो. ताशी 80 किलोमीटरने जाणारी मोटार सेकंदाला 22 मीटर कापते, ताशी 18 ने जाणारा ट्रॅक्टर 5 मीटर. म्हणजे दर सेकंदाला दोघांतलं अंतर 17 मीटरने कमी होतं. बिनदिव्याची ट्रॉली दिसल्यापासून हातात सव्वादोन सेकंदांच्या वर फारसं काही नाही. त्यातलं एक-दीड सेकंद पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतं. ट्रॉली पंक्चर होऊन उभी असेल, तर दोन सेकंदही नाहीत.

ट्रॅक्टरचा मागचा दिवा ट्रॉल्यांआड झाकला जातो. म्हणून दिवा आणि रिफ्लेक्टर शेवटच्या ट्रॉलीला हवेत, आणि तेही लोंबत्या उसाखाली किंवा चिखलाखाली गेलेले नकोत. निघताना फडक्याचा एक हात फिरवायला कितीसा वेळ लागतो?

आता उताराकडे वळू. ट्रॉलीला स्वतःचा चालू ब्रेक नसेल तर सगळा भार ट्रॅक्टरच थोपवतो. उतारावर ट्रॉल्या मागून ढकलतात. ट्रॅक्टर जरा तिरका झाला की जोडणीपाशी घडी पडते. म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गिअर, न्यूट्रल कधीच नाही. आणि बरं का, ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगळे असतात, ते शेतात वळायला. रस्त्यावर दोन्ही पेडल एकत्र अडकवलेले हवेत. नाहीतर एकाच बाजूचा ब्रेक लागून ट्रॅक्टर फिरतो. चढावर उलटं होतं. ओझं जास्त असलं तर पुढची चाकं उचलली जातात, आणि उचललेल्या चाकांनी वळवायचं कसं? जोडणीची पिन आणि तिची खीळ रोज हाताने पाहायची, शिवाय साखळीही हवी.

वळताना मागची ट्रॉली ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जात नाही, आतल्या बाजूला येते. तिथे दुचाकीवाला असतो. ट्रॅक्टरवाल्याने आरशात पाहावं हे खरं, पण आपणही त्या फटीत शिरू नये.

दगडाची गोष्ट तर अगदी साधी. ट्रॉली थांबवताना चाकाला दगड लावतो, आणि निघताना तो रस्त्यातच राहतो. आपलं काम झालं, दगडाचं काम मात्र रात्री सुरू होतं. तो उचलायला कायदा लागत नाही, मागून कोणीतरी येणार आहे एवढी आठवण लागते.

सौजन्याचंही तसंच. मागे पाच-दहा गाड्या साचल्या की रुंद जागा पाहून डावीकडे घ्यावं आणि त्यांना जाऊ द्यावं. त्यात आपली दोन मिनिटं जातात. मागचा माणूस वैतागून आंधळ्या वळणावर ओव्हरटेक करतो, तेव्हा चूक त्याचीच. पण त्याचा धीर संपवण्यात आपलाही वाटा असतोच. आणि मागच्यानेही समजून घ्यावं, की पुढचा माणूस मुद्दाम हळू चालत नाही. ओझ्यामुळे त्याला तसंच चालावं लागतं.

इथे कोणी म्हणेल, सगळा उपदेश ड्रायव्हरलाच का? रास्त आहे. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, म्हणून ट्रॉली उंच भरली जाते. काट्यावर रांगेत तासन् तास जातात, म्हणून झोप अर्धी होते. तेव्हा जबाबदारीही टनावर वाटली पाहिजे: कारखान्याची, वाहनमालकाची, लवकर तोड मागणाऱ्या शेतकऱ्याची, आणि स्वस्त साखर मागणाऱ्या आपलीही. पण वाटल्याने ती कोणाचीच कमी होत नाही. कारखान्याने रिफ्लेक्टर दिला, तरी तो पुसायचा हात आपलाच.