स्वकष्टाचें घर व घरांतील व्यवस्था

वर्धा जिल्ह्यांतील पुष्कळ गांवीं एकाच गल्लींत दोन प्रकारचीं घरें शेजारीं शेजारीं दिसतात. एकाच्या भिंती छतापर्यंत येऊन तेथेंच कित्येक वर्षें थांबल्या आहेत; दुसरें आकारानें लहान, परंतु त्यावर छप्पर पडून आंत दिवा लागला आहे. दोघांची शेती जवळजवळ सारखीच, पाऊस तोच, आणि कापसाची बाजारपेठहि तीच. मग एकाचें घर पुरें होतें व दुसऱ्याचें अडतें, याचें कारण शेतांत नव्हे, तर घरांत शोधिलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

हा प्रश्न खातेदार शेतकऱ्यापुढें विशेषच आहे. केंद्र सरकारची ग्रामीण आवास योजना २०१६ सालीं सुरू झाली, तेव्हां सपाट प्रदेशांत घरामागें १,२०,००० रुपये अनुदान ठरलें. परंतु ५०,००० रुपये वा अधिक मर्यादेचें किसान क्रेडिट कार्ड ज्याजवळ असेल, अथवा ओलिताच्या साधनासह अडीच एकर वा अधिक ओलिताची जमीन ज्याची असेल, त्याचें नांव यादींतून आपोआप गळत असे. २०२४ सालीं कांहीं अटी सैल झाल्या, तरी अडीच एकर ओलिताचा धनी बाहेरच राहिला. बेघरास आधीं मिळावें हें न्याय्यच होय. त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. तथापि सात-बाऱ्यावर जो सधन ठरला त्याच्या हातीं रोकड असतेच असें नाहीं. त्यानें घर बांधावयाचें तें स्वतःच्याच बळावर.

हें बळ कशांत असतें? पहिली गोष्ट मिळकतीच्या वाटांची. कापूस, सोयाबीन व तूर यांचा पैसा वर्षांतून एकदांच येतो, व आल्याबरोबर बियाणें, खत व उधारी यांत जातो. समजा, साध्या घरास सहा लक्ष रुपये लागतात व सर्व खर्च भागून कुटुंबापाशीं वर्षाकांठीं पाऊण लक्ष उरतात. तर घरास आठ वर्षें लागतील. दोन दुभतीं जनावरें व एका मुलाची पगाराची नोकरी यांमुळें आणखी पन्नास हजार शिल्लक पडले, तर तेंच घर पांच वर्षांच्या आंत उभें राहील. उलट दोन लक्षांचें सावकारी कर्ज दरमहा दरशेंकडा दोन या व्याजानें डोक्यावर असेल, तर वर्षास ४८,००० रुपये व्याजांतच जातील, उरतील केवळ २७,०००, आणि घरास बावीस वर्षें लागतील! शेत तेंच, मेहनत तीच. अंतर पडलें तें घरांतील जमाखर्चानें. म्हणून आधीं कर्ज, मग पाया, हा क्रम आम्ही सर्वांपुढें ठेवितों.

लग्न व आजारपण हीं दुसरीं कारणें. आजारपण सांगून येत नाहीं. त्याकरितां कांहीं रक्कम निराळी ठेवणें एवढेंच आपल्या हातीं. परंतु लग्नाचा खर्च आपण ठरवितों. घरासाठीं जमविलेली वीट व सळाख विकून मांडव घातला जातो, तेव्हां लोक दोन दिवस वाखाणणी करतात आणि घरचीं माणसें पुढें कित्येक पावसाळे गळक्या छपराखालीं काढतात. ज्या घरीं जमाखर्च गृहिणीस ठाऊक असतो व बचतगटांतील तिची शिल्लक घराच्या कामीं धरली जाते, तेथें असे अविचार कमी होतात.

तिसरी गोष्ट मालकीची. दोघे भाऊ एका जुन्या घरांत राहतात, मधोमध भिंत घालतात, आणि वांटणी झाली नाहीं म्हणून छपराची डागडुजी कोणीच करीत नाहीं. हिंदु वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस मुलासारखाच जन्मतः हक्क आला. राहत्या घराची वांटणी तिला मागतां येत नसे, तें बंधनहि त्याच वेळीं गेलें. म्हणून बहिणीसह सर्वांस बसवून लेखी व नोंदणीकृत वांटणी आधीं करावी. शिवाय गावठाणांतील घरास सात-बारा नसतो, व ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कराचा उतारा होय, मालकीचा पुरावा नव्हे. २०२० सालीं सुरू झालेल्या स्वामित्व योजनेंत गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका देण्याची व्यवस्था झाली. ती ज्यास मिळाली असेल त्यानें नांवें बरोबर आहेत कीं नाहींत हें तपासावें, व पत्नीचें नांवहि लावून घ्यावें.

आतां बांधकामाविषयीं थोडें. पूर्वजांनीं पांढरींत घर व काळींत शेत असा विवेक ठेविला होता. काळी जमीन पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. तीवर उथळ पाया घातल्यास भिंतीस तडे जातात. गांव पांढरीबाहेर पसरलें आहे, तेथें काळा थर उपसून मुरुमापर्यंत जाण्यांत काटकसर करूं नये. काटकसर करावयाची ती दर्शनी थाटांत.

याचा धडा आपल्याच जिल्ह्यांत आहे. महात्मा गांधी १९३६ सालीं शेगांवीं, म्हणजे आजच्या सेवाग्रामीं, राहावयास आले, तेव्हां घरावर पांचशे रुपयांहून अधिक खर्च होऊं नये व साहित्य आसपासचेंच असावें अशी त्यांची अट होती. माती, बांबू, लाकूड व कवेलू यांचें तें साधें घर आजहि लोक पाहावयास येतात. पांचशे रुपयांत आज कांहीं होणार नाहीं हें खरें. परंतु आधीं आंकडा ठरवावा व घर त्यांत बसवावें, ही रीत जुनी झालेली नाहीं. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानें १९७६ पासून मातीच्या सुधारलेल्या बांधकामावर व भाजलेल्या मातीच्या नळ्यांच्या कमानी छपरावर काम केलें आहे. घर काढणारानें तें एकदां पाहून यावें.

सारांश, दोन खोल्या आधीं पुऱ्या कराव्या, त्यांत राहावें, व पुढील खोली पुढच्या पिकावर सोडावी. मात्र पाया पुढच्या वाढीचा विचार करूनच घालावा. अनुदान मिळालें नाहीं म्हणून खंत करण्यापेक्षां, येत्या दिवाळीपूर्वीं घरांतील सर्व कर्त्या माणसांनीं, स्त्रियांसह, एकत्र बसून कर्ज, शिल्लक व हक्क हे तीन रकाने कागदावर मांडावे. ज्या दिवशीं तो कागद पुरा झाला, त्या दिवशीं घराचा पहिला दगड बसला असें समजावें.