फुले गळली म्हणून ऑर्किड टाकू नका

आमच्या वास्तुशांतीला कुणीतरी पांढऱ्या ऑर्किडची कुंडी भेट दिली होती. लांब दांड्यावर ओळीने आठ-नऊ फुले, जणू उडता उडता विसावलेले पतंगच! दोन महिने येणारा-जाणारा विचारायचा, ‘‘खरी आहेत का हो?’’ मग एकेक फूल गळाले, दांडा वाळला आणि घरात निकाल लागला, ‘‘मेलं ते.’’ मीही कुंडी कचऱ्यात टाकली. आठवडाभराने माझ्या मोठ्या जाऊबाई आल्या. रिकामा कोपरा पाहून म्हणाल्या, ‘‘अगं, जिवंत झाड टाकलंस की! पानं हिरवी होती ना?’’

होती. चांगली जाडजूड, हिरवीगार.

अशी चूक अनेक घरांत होते, म्हणून हा लेखप्रपंच. या ऑर्किडचे नाव फॅलेनॉप्सिस. १८२५ साली कार्ल ब्ल्यूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘पतंगासारखे’. आग्नेय आशियातल्या दमट जंगलांत ते झाडांच्या फांद्यांवर वाढते. त्याचे काही भाऊबंद आपल्या ईशान्य भारतात आणि पश्चिम घाटातही आहेत. झाडावर राहते म्हणून ते बांडगूळ नव्हे. फांदीचा फक्त आधार घेते, रस शोषत नाही. पाऊस आला की मुळे भिजतात, वारा आला की सुकतात.

एवढे ध्यानात आले की निम्मे काम झाले. हे झाड मातीत लावले तर मुळे गुदमरून कुजतात. त्याला झाडाच्या सालीचे तुकडे, कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे असे हवा खेळती ठेवणारे मिश्रण लागते. कुंडी शक्यतो पारदर्शक प्लास्टिकची आणि खाली भरपूर भोके असलेली घ्यावी. भेट म्हणून येणारे रोप बहुधा दाबून भरलेल्या शेवाळात असते आणि बाहेरच्या शोभेच्या कुंडीला भोकच नसते. तळाशी पाणी साचते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

पाणी कधी घालायचे, हे मुळांनाच विचारा. कोरडी मुळे रुपेरी दिसतात, भिजली की हिरवी होतात. रुपेरी दिसली की कुंडी नळाखाली धरून चांगली भिजवावी आणि पूर्ण निथळू द्यावी. साधारण आठवड्यातून एकदा पुरते. मुंबईच्या पावसाळ्यात दहा-बारा दिवसही चालतात, तर दिल्ली-नागपूरच्या कडक उन्हाळ्यात लवकर लागते. तिथे कूलरचा किंवा एसीचा झोत थेट झाडावर नको. रोज सकाळी तांब्याभर पाणी घालण्याचा आपला नेम तुळशीला ठीक, इथे तो जीवघेणा ठरतो. माझे दुसरे रोप मी असेच प्रेमाने मारले! पानांच्या मधोमध पाणी साचले आणि ऐन श्रावणात शेंडा कुजला. या झाडाला वाढीचा शेंडा एकच असतो. तो गेला की बहुतेक वेळा झाडच जाते. तिथे पाणी पडलेच तर कापसाच्या बोळ्याने लगेच टिपून घ्या.

जागा पूर्वेच्या खिडकीजवळची उत्तम. दुपारचे ऊन पाने भाजते. पाने गडद हिरवी होऊन फुले येत नसतील, तर उजेड कमी पडतोय असे समजावे. खत पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणाच्या पाव भागानेच द्यावे, तेही ओल्या मुळांना.

आता फुलांविषयी. फुले गळल्यावर दांडा हिरवा असेल तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या थोडे वर कापा. कधी कधी तिथून नवी फांदी फुटते. वाळला असेल तर बुडाशी कापा आणि धीर धरा. नवा दांडा येण्यासाठी काही आठवडे गार रात्री लागतात, विशीच्या खाली-वर तापमानाच्या. म्हणून दिवाळीनंतर कुंडी उघड्या खिडकीशी ठेवावी. मात्र उत्तरेकडच्या कडाक्याच्या थंडीत रात्री ती घरात घ्यायला विसरू नका.

माझे तिसरे रोप सध्या तिथेच आहे. पानाच्या बगलेतून हिरवे टोक डोकावतेय. गोल असेल तर मूळ, चपटे आणि टोकदार असेल तर फुलांचा दांडा, असे जाऊबाईंनी सांगून ठेवले आहे. मला ते चपटे वाटते. रविवारी त्या येतील, तेव्हा दाखवणार आहे.